इटलीतल्या वॉर सिमेट्रीला घरच्यांसह जाताना कशानं फिरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबा-पणजोबा दुसऱ्या महायुद्धात लामावर गेले आणि परतलेच नाहीत, किंवा परतले पण तिकडचं कधी फारसं बोलले नाहीत, अशी घरं नाशिक, देवळाली, सिन्नर, निफाडकडे आहेत. १९४३ ते १९४५ या काळात भारतीय लष्कराच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे अभियंतेही होते. त्या जागा एकदा डोळ्यांनी पाहायच्या म्हणून आता नातवंडं-पतवंडं सहकुटुंब निघतात. व्हिसा आणि विमानाचं बहुतेकांना जमतं. अडतं ते तिथं उतरल्यावर. ही माहिती त्यासाठी.

स्वतः गाडी चालवायची, रेल्वेनं जायचं की ड्रायव्हरसह गाडी घ्यायची? आधी काय ठरवावं?

यातलं काहीच नाही. आधी आपल्या माणसाचं नाव कुठल्या वॉर सिमेट्रीत, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीत, कोरलंय ते शोधा. ते कळलं की वाहन जवळजवळ आपोआप ठरतं. उलटं केलं, म्हणजे आधी सात दिवसांची गाडी बुक केली आणि मग जागा शोधल्या, तर हमखास पैसे वाया जातात. कारण या जागांपैकी काही स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तर काहींना बस धड पोचतच नाही.

लढाईची जागा आणि नावाची जागा एकच असेल असं समजू नका. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने या गावानं २०२३ साली सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्यांचं नाव मात्र कोरलेलं आहे रोमच्या दक्षिणेला, कासिनोच्या स्मारकावर. दोन्ही पाहायचं तर ते दोन वेगळ्या दिवसांचं, दोन वेगळ्या वाहनांचं काम आहे.

नाव कसं शोधायचं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर मोफत शोधता येतं. तिथं आडनावावर फार विसंबू नका. इंग्रज कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय. जाधवचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून पाहा. बऱ्याच नोंदींत आडनाव वेगळं नसतंच, पहिलं नाव आणि आडनाव एकापाठोपाठ जोडलेलं असतं. जिल्ह्याचं नाव हल्लीच्या स्पेलिंगनं नाही, तर जुन्या पद्धतीनं, म्हणजे मधला ‘एच’ गाळून शोधा. पलटणीच्या नावातही ‘मराठा’ हा शब्द ‘महराट्टा’ अशा जुन्या स्पेलिंगनं आहे. देशात इटली आणि सैन्यात भारतीय लष्कर निवडलं की यादी आवाक्यात येते. नोंदीत बरेचदा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव असतं. खात्री पटते ती त्यावरूनच.

घरात जुनं पेन्शनचं पुस्तक, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर किंवा तार असेल तर तो सेवाक्रमांक सगळ्यात भरवशाचा.

नोंद सापडली की तीन गोष्टी उतरवून घ्या: सिमेट्रीचं पूर्ण नाव, कबरीचा प्लॉट किंवा स्मारकावरच्या पॅनलचा क्रमांक, आणि पत्ता. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे अनेकांची कबर नाही. त्यांची नावं दहन-स्मारकाच्या भिंतीवर आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे निघण्याआधीच सांगून ठेवा. तिथं पोचल्यावर कबरींच्या रांगांमधून नाव शोधत उन्हात फिरणं टळतं.

कासिनोला कसं जावं?

रेल्वेनं. इथं गाडीची अजिबात गरज नाही. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून कासिनो मार्गे जाणारी रिजनल, म्हणजे साधी प्रादेशिक गाडी दीड ते दोन तासांत पोचवते. सिमेट्री सांतांजेलो रस्त्यावर, स्टेशनपासून साधारण एक किलोमीटरवर आहे. चालणारे चालत जातात, बाकीच्यांसाठी स्टेशनबाहेर टॅक्सी स्टँड आहे. सकाळी आठच्या आसपास निघालात तर दुपारच्या जेवणाआधी दर्शन होतं आणि संध्याकाळी रोमला परत.

आत गेल्यावर कबरी ४,२७१ आहेत, आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं संगमरवरी स्तंभांवर कोरली आहेत. पॅनल क्रमांक हाताशी नसेल तर तासभर सहज जातो. जानेवारी ते मे १९४४ या काळात ज्यासाठी चार लढाया झाल्या तो मोंते कासिनोचा मठ वर डोंगरावर आहे. तिथं जाणारा घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटरचा आणि वळणावळणाचा. तो चालायच्या भानगडीत पडू नका. टॅक्सीवाल्याशी जाणं, वर तासभर थांबणं आणि खाली येणं असा एकत्र भाव निघण्याआधीच ठरवा. नुसतं वर सोडून टॅक्सी गेली तर खाली यायला तिष्ठत बसावं लागतं.

सांग्रो नदीच्या सिमेट्रीला?

ही सगळ्यात अवघड, आणि मराठी घरांसाठी बरेचदा सगळ्यात महत्त्वाची. १९४३ च्या नोव्हेंबरात आठव्या भारतीय डिव्हिजननं सांग्रो नदी ओलांडली. त्या लढाईतले आणि आसपासचे सैनिक इथं आहेत. दहन-स्मारकावर पाचशेहून अधिक भारतीय नावं आहेत. जागा आब्रुझ्झो प्रांतात, तोरिनो दी सांग्रो गावाच्या हद्दीत, समुद्राकडे पाहणाऱ्या टेकडीवर.

फोसाचेझिया-तोरिनो दी सांग्रो नावाचं स्टेशन नकाशावर दिसतं आणि लोक फसतात. तिथं मोजक्याच गाड्या थांबतात, बाहेर टॅक्सी उभी नसते आणि वर जाणारा रस्ता चढाचा, फुटपाथ नसलेला आहे. सोबत आजी आणि लहान मूल असेल तर हा बेत करूच नये.

त्यापेक्षा आधी पेस्कारा गाठा. रोमच्या तिबुर्तिना बसस्थानकावरून पेस्काराला थेट बस जाते आणि ती या मार्गावर रेल्वेपेक्षा लवकर पोचते, कारण रेल्वे डोंगरांतून वळसे घेत जाते. पेस्काराला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवसापुरती गाडी घ्या, स्वतः चालवायला किंवा ड्रायव्हरसह. ए-१४ महामार्गानं दक्षिणेला वाल दी सांग्रो या एक्झिटला उतरायचं. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सिन्नर गाठून परत नाशकात येण्याएवढंच. पाणी आणि खाणं बरोबर घ्या, टेकडीवर दुकान नाही.

फोर्लीला?

बोलोन्या ते रिमिनी या मुख्य रेल्वेमार्गावर फोर्ली आहे. बोलोन्याहून तासाभरात पोचता. भारतीय लष्कराची सिमेट्री राव्हेन्नाकडे जाणाऱ्या व्हिया राव्हेन्याना या रस्त्यावर आहे. इथल्या दहन-स्मारकावर सातशेहून अधिक नावं आहेत.

घोटाळा होतो तो असा, की फोर्लीत कॉमनवेल्थच्या दोन सिमेट्री आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वॉर सिमेट्री’ म्हटलं तर तो दुसरीकडे नेऊन सोडू शकतो. रस्त्याचं नाव कागदावर रोमन लिपीत लिहून त्याच्या हातात द्या, किंवा फोनवर आधीच जतन केलेलं ठिकाण दाखवा. नावात ‘इंडियन आर्मी’ आहे का, ते स्वतः पाहूनच गाडीत बसा.

मोंतोने जमेल का?

फोर्लीहून गाडीनं एका दिवसात जमतं. चेझेनाजवळ ई-४५ रस्ता लागतो. तो आपेनिन डोंगर ओलांडून टायबरच्या खोऱ्यात उतरतो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. या रस्त्याला टोल नाही, पण पुलांवर डागडुजीची कामं सतत चालू असतात आणि काही पट्ट्यांत एकच लेन उघडी असते. जायला दोन तास धरा. वळणांनी मुलांना मळमळतं, तेव्हा उलटीची गोळी गाडीत बसायच्या अर्धा तास आधी द्या. गावाच्या तटबंदीच्या आत गाडी नेऊ नका. खाली पार्किंगला लावून चढून जा.

मग सगळा प्रवास एकाच गाडीनं केला तर सुटसुटीत नाही का?

नकाशावर तसं वाटतं खरं. प्रत्यक्षात रोम, बोलोन्या, फ्लोरेन्स अशा शहरांत गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. पार्किंगचे पैसे रोज जातात, मध्यवस्तीत प्रवेशबंदी असते आणि हॉटेल नेमकं त्या बंदीच्या आत निघतं. आमचं मत स्पष्ट आहे: शहर ते शहर रेल्वे किंवा बस, आणि गावांसाठी लागेल तेवढे एक-दोन दिवसच गाडी. नऊ-दहा दिवसांत रोम, कासिनो, पेस्कारा, सांग्रो, फोर्ली, बोलोन्या हा क्रम सरळ रेषेत बसतो. पेस्काराहून फोर्लीकडे रेल्वे समुद्रकाठानं वर जाते. विमानाचं तिकीट उतरायला रोम आणि परतायला बोलोन्या किंवा मिलान असं काढलंत तर उगाच उलटं यावं लागत नाही.

अख्खा प्रवास गाडीनं करावा असं एकाच परिस्थितीत सांगू: घरात व्हीलचेअरवरचं माणूस आहे आणि प्रत्येक स्टेशनावर चढ-उतार शक्य नाही. तेव्हाही ड्रायव्हरसह मोठी व्हॅन घ्या.

खर्चाची तुलना कशी करायची?

नुसतं रोजचं भाडं पाहू नका. स्वतः चालवायच्या गाडीला भाडं, पूर्ण विमा, दुसऱ्या चालकाचे पैसे, बालआसनाचे पैसे, दुसऱ्या शहरात सोडण्याचा आकार, टोल, पेट्रोल आणि पार्किंग हे सगळं मिळवा. समजा सहाशे किलोमीटर फिरायचंय आणि सात आसनी गाडी लिटरला बारा किलोमीटर देते. पन्नास लिटर लागलं. लिटरला पावणेदोन युरो धरले तर साडेसत्त्याऐंशी युरो. महामार्गावर शंभर किलोमीटरला आठ-दहा युरो टोल धरून चाला.

रेल्वेच्या बाजूला माणशी तिकीट गुणिले माणसं, अधिक दोन्ही टोकांच्या टॅक्सी. दोघांना रेल्वे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. सहाजण असाल तर गावांच्या दिवशी गाडी परवडते. शहरांच्या दिवशी सहाजणांनाही परवडत नाही.

इटलीत गाडी चालवायला आपलं लायसन्स चालतं का?

नुसतं चालत नाही. लायसन्स इंग्रजीत छापलेलं असलं तरी सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा, नमुना ४-अ. शुल्क १,००० रुपये. परमिट आपल्या आरटीओकडून मिळतं, म्हणजे एमएच-१५ वाल्यांना नाशिकच्याच कार्यालयातून. मुदत एक वर्षाची. लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर आधी त्याचं नूतनीकरण करा. पासपोर्ट, तिकीट आणि फोटो हाताशी ठेवा. निघायच्या किमान महिनाभर आधी अर्ज करा, म्हणजे पत्ता किंवा नावातली चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ राहतो. परमिट एकटं दाखवून भागत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. मोबाइलमधलं डिजिटल लायसन्स तिथल्या पोलिसांना काही सांगत नाही.

जो चालवणार त्याचं लायसन्स तीन वर्षांपेक्षा जुनं असावं. इटलीत नव्या चालकांना वेगमर्यादा कमी आहे आणि दारूचा थेंबही चालत नाही.

काउंटरवर गाडी नाकारली जाते ती कशामुळे?

बहुतेक वेळा कार्डामुळे. मुख्य चालकाच्याच नावाचं, उठावदार अंकांचं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड मागतात. नवऱ्याच्या नावाचं बुकिंग आणि बायकोचं कार्ड चालत नाही. डेबिट, प्रीपेड फॉरेक्स आणि रुपे कार्डावर डिपॉझिट धरायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला आठवडे लागू शकतात, म्हणून तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून आपणच चालू करावा लागतो. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम रोमिंगसह चालू हवं.

दुसरं कारण नाव. आपल्या लायसन्सवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. कार्डावर नुसतं नाव-आडनाव, आणि पासपोर्टवर आणखी वेगळी विभागणी. बुकिंग पासपोर्टप्रमाणे करा आणि तिन्ही कागद एकत्र पुढे ठेवा.

तिसरं कारण वेळ. विमानतळावरची कार्यालयं दिवसभर उघडी असतात. गावातली दुपारी बंद होतात, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी उघडतही नाहीत. पेस्काराला विमानतळ आहे, गाडी तिथून घेतलेली बरी.

सहाजणांना कुठली गाडी घ्यावी?

सात आसनी गाडीत सातजण बसतात, पण मग सामान बसत नाही. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन हातपिशव्यांपुरती जागा उरते. सहा माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर नऊ आसनी व्हॅन हवी. ती साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, पण जुन्या गावांतल्या बोळांत आणि भूमिगत पार्किंगमध्ये ती अडकते. म्हणून बॅगा हॉटेलवर ठेवून सात आसनी गाडीनं दिवसाची फेरी करणं हा मधला मार्ग उत्तम.

ऑटोमॅटिक गाडीच मागा, आणि लवकर मागा, कारण तिथं बऱ्याच गाड्या मॅन्युअल असतात. उजव्या हातानं गिअर टाकायची सवय नसताना रस्त्याची उलटी बाजूही सांभाळायची, हे पहिल्याच दिवशी जड जातं.

उजवीकडून चालवताना नेमकं कुठे चुकतं?

सरळ रस्त्यावर कोणी चुकत नाही. चुकतं ते पेट्रोल पंपावरून, पार्किंगमधून किंवा जेवण करून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना. समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतात. शेजारी बसलेल्यानं दर वेळी बाहेर पडताना ‘उजवीकडे’ असं मोठ्यानं म्हणायचं, एवढा एक नेम ठेवा. दुसरी चूक गोल चौकात. तिथं गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात आणि आतल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. आपल्याकडे मुंबई नाक्याच्या सर्कलला जो घुसेल तो पुढे, तसं तिथं करू नका. तिसरी चूक म्हणजे गाडी लेनच्या उजव्या कडेला घासत राहणं, कारण आपण डावीकडे बसलोय याचा अंदाज येत नाही. भाड्याच्या गाड्यांचे उजवे आरसे यातच जातात.

महामार्गावर मर्यादा ताशी १३०, पावसात ११०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ९०, वस्तीत ५०. महामार्गावर दोन बिंदूंमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. वस्तीबाहेर दिवसाही हेडलाइट चालू हवेत. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात पाट्या लावलेल्या रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात, आणि रोम-पेस्कारा रस्ता डोंगरातलाच आहे.

विमान संध्याकाळी उतरत असेल तर त्या दिवशी गाडी घेऊ नका. आपल्या घड्याळात मध्यरात्र झालेली असते आणि तिथं अजून संध्याकाळ असते.

झेडटीएल म्हणजे काय? दंड घरी येतो म्हणतात ते खरं?

खरं. जुन्या वस्त्यांत ठरावीक वेळी परवानगीशिवाय वाहनबंदी असते. हद्दीवर पांढरी पाटी, त्यावर लाल वर्तुळ आणि वर कॅमेरा. अडवायला पोलीस उभा नसतो. नंबरप्लेटचा फोटो निघतो, भाड्याची कंपनी तुमचा पत्ता कळवते आणि त्याबद्दल तुमच्या कार्डावर स्वतःचं शुल्क लावते. ते शुल्क म्हणजे दंड नव्हे. दंडाची नोटीस नंतर वेगळी येते, परदेशात राहणाऱ्यांना ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. नोटीस हाती आल्यापासून पाच दिवसांत भरला तर तीस टक्के सूट मिळते.

हॉटेल हद्दीच्या आत असेल तर आदल्या दिवशी नंबरप्लेट त्यांना कळवून तात्पुरती नोंद करायला सांगा, आणि ‘नोंद झाली’ असं लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका, तो तुम्हाला बिनदिक्कत आत घेऊन जातो.

टोलनाक्यावर कुठल्या रांगेत जावं?

फास्टॅग तिथं नाही. शिरताना मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, बाहेर पडताना पैसे भरायचे. चिठ्ठी हरवली तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात, म्हणून ती एकाच माणसाकडे द्या. नुसती पिवळी ‘टेलिपास’ (तिथला फास्टॅगसारखा टॅग) लिहिलेली लेन टाळा. हात आणि नाणी काढलेली लेन रोखीची, निळी कार्डाची. चुकीच्या लेनमध्ये शिरलात तर गाडी मागे घेऊ नका. तो मोठा गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. मदतीचं बटण दाबा, न भरलेल्या टोलची पावती मिळते, ती पंधरा दिवसांत ऑनलाइन भरायची.

पेट्रोल भरताना?

‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल, नोझल हिरवा. ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल, नोझल काळा. झाकणावर काय लिहिलंय ते वाचूनच भरा, कारण चुकीचं इंधन विम्यात बसत नाही. ‘सर्वितो’ लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. माणूस नसलेल्या पंपावर कार्डातून आधी शंभर युरोच्या आसपास रक्कम अडकते आणि काही दिवसांनी खरी रक्कम धरून बाकीची सुटते. गावाकडे दुपारी पंपावर माणूस नसतो.

विमा पूर्ण घ्यावा का?

घ्या. मूळ भाड्यातल्या विम्यात ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी असतं. टायर, काच, आरसा आणि गाडीचा खालचा भाग त्यात आहेत का, ते विचारून घ्या. गाडी घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम आणि छताचा व्हिडिओ काढा, परत देताना पुन्हा काढा.

रेल्वेत काय चुकतं?

वेगवान गाड्यांना सीट आरक्षित असते आणि तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. पण सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही. मुंबईहून येणारं विमान उतरल्यावर लगेचच्या गाडीचं असं तिकीट काढू नका, इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो. रिजनल गाड्यांचा दर ठरलेला असतो, आधी काढून काही वाचत नाही. कासिनोचं तिकीट त्याच दिवशी काढा.

रिजनलचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवरच्या तिकिटाला गाडी सुटण्याआधी चेक-इन करायचं. पैसे भरलेले असूनही लोकांना दंड होतो तो याच कारणानं, आणि ‘माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकून घेत नाही.

फलाट क्रमांक बोर्डावर दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, नाशिकरोडसारखा ठरलेला नसतो. वेगवान गाडीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. हमाल मिळत नाहीत. ज्याची बॅग त्यालाच तीन पायऱ्या चढवता आली पाहिजे, हे माप लावूनच घरी बॅगा भरा.

आजी-आजोबांसाठी?

मोठ्या स्टेशनांवर ‘साला ब्लू’ नावाची मदतसेवा आहे. व्हीलचेअर आणि गाडीत चढवायला लिफ्ट मोफत मिळते, पण आधी कळवावं लागतं. तिकीट काढलं की लगेच कळवा. लहान स्टेशनांत फलाट बदलायला भुयारी जिने असतात आणि लिफ्ट असेलच असं नाही.

सिमेट्रीतलं चालणं गवतावरचं आणि पायऱ्यांचं असतं. प्रत्येक सिमेट्रीच्या पानावर व्हीलचेअरबद्दल माहिती दिलेली असते, ती वाचा. दिवसाला एकच ठिकाण ठेवा. नाव सापडल्यावर म्हाताऱ्या माणसाला तिथं बसावंसं वाटतं, आणि परतीच्या गाडीसाठी त्यांना उठवायची वेळ येऊ नये. त्या दिवशी परतीची किमान दोन गाड्यांची सोय बघून ठेवा.

लहान मुलांसाठी?

दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत योग्य आसन सक्तीचं आहे. चार वर्षांखालच्या मुलाच्या आसनाला मूल गाडीत विसरू नये म्हणून गजराचं साधनही लागतं. भाड्याच्या गाडीबरोबर दोन्ही मागा आणि पावतीवर लिहून घ्या. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही.

ड्रायव्हरसह गाडी घेताना काय विचारावं?

भाव दिवसाचा की किलोमीटरचा, रिकामी परत जाण्याचे पैसे धरलेत का, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, ठरल्यापेक्षा जास्त थांबल्यास तासाला किती, आणि ड्रायव्हर इंग्रजी बोलतो का. सिमेट्रीचं नाव आणि नकाशावरचं ठिकाण मेलवर पाठवून त्यांच्याकडून दुजोरा घ्या. ही परवान्याची गाडी असते, तिला तिथं ‘एनसीसी’ म्हणतात. स्टेशनबाहेर हळूच येऊन ‘टॅक्सी?’ विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका. इटलीत टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, स्टँडवरून घ्यायची किंवा फोन करून बोलवायची.

संप किंवा सुट्टी मध्ये आली तर?

‘शोपेरो’ म्हणजे संप. तो बहुधा आधी जाहीर होतो. आठवड्याच्या कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक रिजनल गाड्या धावतात, कासिनोची फेरी त्यात बसवता येते. २५ एप्रिल, १ मे, २ जून आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्यांना गावातल्या बस जवळपास बंद असतात. ऑगस्टच्या शनिवार-रविवारी समुद्रकाठचा ए-१४ रस्ता तुंबतो, सांग्रोची फेरी मंगळवार-बुधवारी ठेवा.

फुलं, गोदावरीचं पाणी, माती यांचं काय?

रामकुंडाचं पाणी छोट्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, चेक-इनच्या बॅगेत न्या. केबिनमध्ये न्यायचं तर बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच. पेढे, तूप, खवा असे दुधाचे पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाहीत, कस्टममध्ये काढून घेतात. नैवेद्याला सुकामेवा किंवा राजगिऱ्याचा लाडू न्या. फुलं तिथंच फुलवाल्याकडून घ्या. शेवंती मागितलीत तर तो काही विचारणार नाही, इटलीत ती कबरींवरच वाहतात. गवतावर उदबत्ती किंवा पणती पेटवू नका, उन्हाळ्यात ते वाळलेलं असतं.

गावची माती तिकडे न्यावी किंवा तिथली चिमूटभर इकडे आणावी असं घरोघरी वाटतं. दोन्हीकडे मनाई आहे, युरोपात नेण्यालाही आणि भारतात आणण्यालाही, कारण मातीतून पिकांचे रोग येतात. त्याऐवजी कोरलेल्या नावावर कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं ठसा घ्या. ए-४ कागद आणि ६बी पेन्सिल पुरते. दगडाला टेप चिकटवू नका. कागद दोघांनी दोन्ही बाजूंनी ताणून धरायचा, आणि परत येताना गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घालून केबिनच्या बॅगेत ठेवायचा.